मजुराला पंधरा दिवस, पदवीधराला?

आपल्या भाषेत काम करतात आणि नोकरी लागते. लॉटरी लागते, दृष्ट लागते, तशीच नोकरीही लागते. जे लागायचे ते आपल्या हाती नसते. त्याची वाट तेवढी पाहायची. पदवीचा निकाल लागल्यावर आपण घराघरांतून तरुणांना अशी वाट पाहायला बसवतो, आणि हा अन्याय आहे, हे स्पष्ट सांगण्यासाठीच हा लेख.

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकी घ्या. कापूस, सोयाबीन, तूर आणि हळद यांवर जगणारा हा मुलूख. येथील मुलगा अमरावती विद्यापीठाचा पदवीधर होतो, घरी पेढे वाटले जातात आणि त्याच दिवसापासून त्याची कोंडी सुरू होते. शेतात जावे, तर ‘एवढे शिकून पुन्हा औतच हाकणार का?’ असे लोक विचारतात. दुकानात हिशेब लिहायला बसावे, तर वडिलांना कमीपणा वाटतो. मग उरते स्पर्धा परीक्षा. तालुक्याच्या गावातील अभ्यासिका, ऐपत असल्यास पुण्यातील खोली, आणि खर्चाला कपाशीचे पैसे. एक वर्ष, दोन वर्षे, पाच वर्षे.

या वाट पाहण्याचा हिशेब पाहा. २०२३ च्या तलाठी भरतीत पदे साधारण साडेचार हजार होती, अर्ज दहा लाखांहून अधिक आले. शुल्क खुल्या वर्गाला १,००० रुपये, राखीव वर्गाला ९०० रुपये. म्हणजे एका पदामागे दोनशेहून अधिक उमेदवार आणि केवळ अर्जांतून जमलेली कोट्यवधींची रक्कम, तीही ज्यांना अजून एक रुपया कमावता आलेला नाही त्यांच्या खिशातून! शुल्क नसेल तर गंभीर नसलेलेही अर्ज भरतात, असे उत्तर मिळते. बेकारीचे गांभीर्य हजार रुपयांत मोजणाऱ्यांना काय म्हणावे? २०१६ साली लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ करण्यात आली, तेव्हा तरुणांवर उपकार झाल्याचा आनंद झाला. प्रत्यक्षात वाढली ती वाट पाहण्याची मुदत.

आणि हे कोणत्या मातीत घडते? शेजारच्याच पुसद तालुक्यातील गहुली हे वसंतराव नाईकांचे गाव. ते मुख्यमंत्री असताना, १९७२ च्या दुष्काळात, रोजगार हमी योजना राज्यभर पसरली; १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्या अंगमेहनतीच्या मजुराला पंधरा दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे त्या कायद्याने शासनावर बंधन घातले. त्यासाठी शहरातील पगारदारांनी व्यवसाय कर भरला. अंमलबजावणीत उणिवा असतील, परंतु तत्त्व केवढे मोठे होते! ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला शासनाने निदान एक तारीख दिली. त्याच मजुराचा मुलगा शिकला, पदवीधर झाला आणि त्याची तारीख मात्र हरवली.

शासन सर्वांना नोकरी देऊ शकत नाही, हे मला मान्य आहे. तशी मागणी करणे बालिशपणाचे ठरेल. मागणी आहे ती तारखेची. जाहिरात, परीक्षा, निकाल आणि नेमणूक यांचे वेळापत्रक आधी जाहीर करा. ते मोडल्यास शुल्क परत करा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. मुदत सहा महिने होती, ती पुढे अकरा झाली. पण बाराव्या महिन्यात काय? त्या अनुभवाला पुढच्या भरतीत किंमत नसेल, तर ते प्रशिक्षण म्हणजे पगारी प्रतीक्षाच.

मात्र सगळे पाप शासनाच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही. घरातही तारीख नाही. मुलाला आपण ‘अजून एक प्रयत्न’ म्हणत तिशीपर्यंत नेतो. त्याच घरातील पदवीधर मुलीला मात्र एका अपयशानंतर स्थळे पाहू लागतो. एकाला अमर्याद वाट, दुसरीला वाटच नाही! दोघांनाही सारखीच, ठरलेली दोन वर्षे द्या. त्या दोन वर्षांतही हात रिकामे ठेवू नका: हळदीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहू द्या, शिकवण्या घेऊ द्या, यंत्रदुरुस्ती शिकू द्या. पहिले काम लहान असले म्हणजे आयुष्य लहान होत नाही.

दिवाळीला घरी आलेल्या पदवीधराला ‘नोकरी लागली का?’ असे विचारण्याचे यंदा टाळावे. ‘सध्या काय करतोस?’ असे विचारावे, आणि तो जे सांगेल ते ऐकून तोंड वाकडे करू नये.