नवी गाडी, जुने समज

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि त्या दिवाळीत आमच्या माटुंग्याच्या इमारतीत दोन नव्या गाड्या दाखल झाल्या. इमारत जुनी, गाडी उभी करायला धड जागा नाही, तरी आल्या. स्टेशनजवळच्या फुलबाजारातून झेंडूचे हार आले, पेढे वाटले गेले. नातलगांपैकीही दोघा-तिघांच्या मनात गाडी घोळते आहे, म्हणून हा विषय घेतला. मला गाडी चालवता येत नाही. पण तेहेतीस वर्षं मुलांना "उत्तर आलं की ताळा करून पाहा" असं सांगत आले, आणि नवी गाडी घेताना हीच गोष्ट आपली शिकलीसवरली माणसं विसरतात असं दिसतं.

ह्याचं कारण मला जुन्या दिवसांत सापडतं. आमच्या पिढीचं गाडीविषयीचं शिक्षण टंचाईच्या काळात झालं. प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याला तयार व्हायची, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तरी ती हातात यायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तर तिच्यासाठीही लोक आगाऊ पैसे भरून नंबर लावून बसले. गाडी 'घेतली' असं कोणी म्हणत नसे, 'मिळाली' म्हणत. अशा वेळी किमतीची फोड कोण विचारणार? आता गाड्या मुबलक आहेत, विक्रेते दिवसातून चार वेळा फोन करतात. पण काचेचं दार उघडून आत गेलं, कोणी थंड पाणी आणून दिलं, की आपण अजूनही उपकाराखाली दबल्यासारखे वागतो. माझ्या मते आपले बहुतेक गैरसमज ह्या भिडेतून आलेले आहेत.

पहिला आणि सगळ्यांत महागात पडणारा समज म्हणजे 'ऑन-रोड किंमत' हा जणू सरकारी आकडा आहे. अहो, ती एक बेरीज आहे. एक्स-शोरूम किंमत कंपनीची, तिच्यातच जीएसटी धरलेला. त्यावर राज्याचा एकरकमी रोड टॅक्स. महाराष्ट्रात स्वतःच्या नावावर घेतलेल्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला तो ११ टक्के आहे, म्हणजे ८ लाखांच्या गाडीला ८८ हजार. नोंदणीची फी ६०० रुपये. कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवण्याचे १५०० रुपये. आरसीच्या कार्डाचे थोडे. सरकारदरबारी जाणारी रक्कम साधारण इथे संपते. किंमत १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस लागतो, पण तो आपल्याच नावावर जमा होतो आणि आयकराच्या विवरणात त्याची वजावट मिळते. कित्येक जण ते पैसे गेले असं समजून सोडून देतात.

ह्याखाली ज्या ओळी येतात त्या नीट वाचाव्यात: हँडलिंग, लॉजिस्टिक्स, एसेन्शियल किट, कोटिंग. माझ्या पुतणीने पहिली गाडी घेतली तेव्हा तिच्या कागदावर "आरटीओ व इतर" असा एकच आकडा होता. मी तिला फोड करून आणायला सांगितली. 'इतर'मध्ये साडेनऊ हजार रुपये निघाले, आणि ते कशाचे हे तिथे कोणालाच सांगता येईना. तिने दोनदा विचारलं, तेव्हा ते कमी झाले. शोरूम कोणतं ते महत्त्वाचं नाही. मला लागलं ते माझ्या भावाचं बोलणं. तो म्हणाला, "असू दे गं, आठ लाखांच्या खरेदीत एवढ्यावरून घासाघीस शोभत नाही." भाजीवालीशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालताना आपल्याला शोभतं, आणि इथे शोभत नाही! पुतणीचे ते पाच वर्षांच्या बचतीतले पैसे होते. ते मोजण्यात कमीपणा कसला?

दुसरा समज विम्याचा. "विमा आमच्याकडूनच घ्यावा लागतो, नाहीतर नोंदणी अडेल," असं सांगितलं जातं आणि आपण मान डोलावतो. विमा हवाच, त्याशिवाय नोंदणी होत नाही. पण तो कोणाकडून घ्यायचा हे ठरवणारे आपण. विमा नियामकाने शोरूमच्या विमाविक्रीसाठी नियम केले, ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहेत. त्यांनुसार विशिष्ट कंपनीचाच विमा घ्या अशी सक्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो, तो भाग सगळीकडे सारखा. तुलना करायची ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याची. बाहेरून एक-दोन दर काढून न्यावेत, बऱ्याचदा शोरूमही मग खाली येतं. आणखी एक गोष्ट, जुनी गाडी विकून नवी घेणाऱ्यांसाठी: 'नो क्लेम बोनस' गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो नव्या गाडीच्या विम्यात लावून घेता येतो. जुनी गाडी देताना तो मागून घ्यायला विसरू नका.

तिसरा समज असा की शोरूममध्ये भाव ठरलेला असतो, सूट मागायची नसते. ह्याबाबत आपल्या राज्यातलीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ईमेल आला, मारुतीच्या एका डीलरच्या वतीने म्हणून लिहिलेला. त्यातली तक्रार अशी, की मुंबई वगळता उरलेला महाराष्ट्र आणि गोवा ह्या भागात कंपनीने ठरवून दिल्यापेक्षा जास्त सूट डीलरला देता येत नाही, दिली तर दंड होतो. चौकशीत निघालं, की गिऱ्हाईक बनवून माणसं पाठवली जात आणि कोण किती सूट देतो हे तपासलं जाई. ऑगस्ट २०२१ मध्ये आयोगाने कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड केला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केलं. त्या वादाचं जे होईल ते होवो. मला त्यातून एवढंच उमगलं, की डीलर जास्त सूट द्यायला तयार असू शकतो आणि ती मागणं हा गिऱ्हाइकाचा आगाऊपणा नव्हे.

चौथा समज मुहूर्ताचा. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा ह्या दिवशी गाडी घरी यावी ही भावना मलाही कळते. पण त्या दिवशी सगळ्यांनाच गाडी हवी असते, तेव्हा दुकानदाराने भाव का पाडावा? त्याला घाई असते ती डिसेंबरअखेर, कारण जानेवारी उजाडला की उरलेली गाडी गेल्या वर्षाची ठरते. तेव्हा सूट चांगली मिळते, पण विकताना तिची किंमतही एका वर्षाने जुनी म्हणूनच होते. कोणताही महिना असो, उत्पादनाचा महिना आणि वर्ष विचारावंच. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, ते लिहिलेलं असतं. आणि मुहूर्त टळू नये म्हणून नोंदणीआधीच गाडी बाहेर काढू नये. कायम किंवा तात्पुरती नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर चालवायला कायद्याची मुभा नाही. पूजा आधी आणि गाडी चार दिवसांनी, असं केलं तर देव रागावत नाही.

पाचवा समज, हप्ता कमी म्हणजे कर्ज स्वस्त. इथे ताळाच करू या. ६ लाखांचं कर्ज, व्याज ९ टक्के. पाच वर्षांसाठी हप्ता साधारण १२,४५५ रुपये, सात वर्षांसाठी साधारण ९,६५३. दरमहा २,८०० वाचले म्हणून आपण खूश. पण पाच वर्षांत व्याज जातं सुमारे १ लाख ४७ हजार आणि सात वर्षांत सुमारे २ लाख ११ हजार. जवळजवळ ६४ हजारांचा फरक, आणि शेवटची दोन वर्षं जुन्या होत चाललेल्या गाडीचे हप्ते. शोरूममध्ये बसलेल्या कर्जवाल्याखेरीज आपल्या नेहमीच्या बँकेतही विचारावं.

'फ्री सर्व्हिस'बद्दल एकच वाक्य: फुकट असते ती मजुरी, ऑइल आणि फिल्टरचे पैसे लागतात.

हे सगळं वाचून विक्री करणाऱ्या मुलांवर राग काढू नका. माझा एक जुना विद्यार्थी हेच काम करतो. तो म्हणाला, "बाई, नुसत्या गाडीवर फार सुटत नाही. विमा, कर्ज आणि अ‍ॅक्सेसरीज ह्यांवर आमचा महिना उभा राहतो." त्याच्यावर टार्गेट असतं, ते तो पुरं करू पाहतो. त्याने त्याचं काम करावं, आपण आपलं करावं. आपलं काम म्हणजे सगळी फोड लेखी मागायची, कागद घरी आणायचा, जेवणं झाल्यावर पेन घेऊन बसायचं आणि प्रत्येक ओळीपुढे "हे कोणाला जातं?" असं लिहायचं. आगाऊ रक्कम त्यानंतर भरायची. "ऑफर आजच्यापुरतीच आहे" असं कोणी म्हणालं, तर ती बहुधा उद्याही असते.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलं प्रश्न विचारत असतील तर "शोभत नाही" म्हणून त्यांना गप्प करू नका. कष्टाचा पैसा खर्च करणाऱ्याला विचारण्याचा हक्क असतो, हे त्यांनी आपल्याकडून नाही शिकायचं तर कोणाकडून? असो. गाडी घ्या, सुखरूप फिरा, आणि आमच्या गल्लीत आलात तर आधी जागा मिळते का बघा!