आधी किलो विचारा, मग वॉट

गिटारसाठी ॲम्प्लिफायर घ्यायचा ठरला की आमच्याकडची पोरं पहिल्यांदा एकच विचारतात, "सर, किती वॉटचा घेऊ?" मी म्हणतो, "नेणार कशावर?" पोरगं गप्प होतं. केजहून धारूरला जायचं तर मोटारसायकल, परळीला जायचं तर एसटी, आणि पार्टीच्या टेम्पोत जागा मिळालीच तर ढोल-ताशांच्या वर. पाठीला गिटार, गळ्यात वायरींची पिशवी, आणि तिसरी वस्तू टाकीवर किंवा दोघांच्या मध्ये. ती वस्तू 12 किलोच्या पुढे गेली की चार सुपाऱ्यांनंतर ती घरीच राहायला लागते. घरी राहिलेल्या 100 वॉटचा मंडपात काय उपयोग?

मी अंबाजोगाईत गिटार शिकवतो आणि हंगामात ऑर्केस्ट्रात वाजवतो. आमच्या बीड जिल्ह्यात हंगाम ठरवतो तो ऊस. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, गावंच्या गावं ओस पडतात. कारखाने बंद झाले, कोयते घरी आले की मग 14 एप्रिलची भीमजयंती, लग्नं, हळदी, जागरण-गोंधळ, सगळं एकमेकांच्या अंगावर येतं. वर्षाची कमाई पावसाळ्याच्या आत. आमच्यातले काही वाजवणारे स्वतःच टोळीबरोबर जाऊन आलेले असतात. अशा पैशातून घेतलेला ॲम्प्लिफायर रोज बाहेर पडला पाहिजे. म्हणून माझं ठाम मत आहे की बीडसारख्या जिल्ह्यात आधी किलो बघावेत, मग स्पीकर, मग विजेची सोय, आणि वॉट सगळ्यात शेवटी.

जुने ऑर्केस्ट्रावाले यावर हसतात. जड पेटीशिवाय आवाजाला भरीवपणा येत नाही, असा त्यांचा समज. त्यांचं ऐकायचं तर रोलँडचा जेसी-120 घ्यावा. 1975 साली आलेला, आजही जगभरच्या स्टेजवर दिसणारा, आवाज काचेसारखा स्वच्छ. वजन 28 किलो. ज्याच्याकडे दोन हमाल आणि स्वतःचा टेम्पो आहे त्याने खुशाल घ्यावा.

वॉटचा हिशोब दुकानात कुणी सांगत नाही. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटायला हवा तर साधारण 10 डेसिबल लागतात, आणि त्यासाठी वॉट दहापट करावे लागतात. 10 वॉटवरून 100 वॉटवर उडी मारली, खिसा रिकामा केला, कंबर मोडून घेतली, आणि मिळालं काय? दुप्पट.

खरी किमया स्पीकरमध्ये असते. चांगल्या स्पीकरच्या कागदावर संवेदनक्षमतेचा आकडा छापलेला असतो: 1 वॉट दिला तर 1 मीटरवर किती डेसिबल. सेलेस्टियनच्या व्हिंटेज 30 या स्पीकरचा हा आकडा 100 आहे. स्वस्तातल्या छोट्या स्पीकरचा 90 धरा. आता 90 वाल्यावर 50 वॉट टाकले तर 1 मीटरवर साधारण 107 डेसिबल मिळतात, आणि 100 वाल्यावर फक्त 10 वॉट टाकले तरी 110. कमी वॉटचा जास्त वाजला! हा आकडा दुकानदाराला विचारून बघा. निम्मे दुकानदार वॉरंटीबद्दल बोलायला लागतात.

वजन येतं कुठून, तेही बघू. पेटीचं लाकूड, स्पीकरचं चुंबक आणि ट्रान्सफॉर्मर, हे तिघे मिळून पाठ धरतात. आपल्या घरची वीज 50 हर्ट्झची, आणि एवढ्या कमी वारंवारतेवर मोठी शक्ती पेलायची तर ट्रान्सफॉर्मरला भरपूर लोखंड लागतं. मोबाइलच्या चार्जरमध्ये असते तशी स्विचिंगवाली सर्किट हीच वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करते, त्यामुळे मुठीएवढ्या ट्रान्सफॉर्मरवर काम भागतं. त्याला क्लास डी प्रकारचा ॲम्प्लिफायर जोडला की उष्णताही कमी, म्हणून हीटसिंकचं ॲल्युमिनियमही कमी. चुंबकाचं तसंच: फेराइटच्या जागी निओडिमियम आलं की स्पीकर निम्म्याहून हलका होतो. फेंडरने 2019 साली टोन मास्टर मालिकेत हेच केलं. जुना ट्विन रिव्हर्ब 29 किलोच्या आसपास, नवा 15. किंमत मात्र अशी की आकडा ऐकून माझे विद्यार्थी विषयच बदलतात. ऑरेंजचा मायक्रो टेरर 20 वॉटचा, आणि वजन 1 किलोच्याही आत. पण त्याला स्पीकर वेगळा लागतो, हे जाहिरातीतल्या फोटोत कळत नाही.

आमच्याकडे गिटारवाल्याची तुलना नेहमी बेंजोवाल्याशी होते, आणि त्यात गिटारवाला हरतो. बेंजो हे मूळ जपानी वाद्य, 1912 साली नागोयात गोरो मोरिता यांनी बनवलेलं तैशोगोतो. आपल्याकडे येऊन त्याला पिकअप बसला आणि ते वरातीचा राजा झालं. बेंजोवाला टेम्पोवरच्या भोंग्यातून वाजवतो आणि अख्खी गल्ली नाचते. गिटारवाला त्याच भोंग्याला वायर जोडतो आणि लोक कानावर हात ठेवतात. यात वाजवणाऱ्याचा दोष नसतो. भोंगा खालचे सूर जवळजवळ टाकूनच देतो, आणि गिटारची सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झवर बोलते. बेंजोची चाल मधल्या-वरच्या पट्टीत फिरते, भोंग्याला नेमकी तीच आवडते. मोठ्या साउंडच्या टॉपवर उलटा त्रास. गिटारचा स्पीकर साधारण 5 हजार हर्ट्झच्या वरचं गाळून टाकतो; टॉप 20 हजारांपर्यंत सगळं ओकतो. डिस्टॉर्शन लावून सरळ मिक्सरला जोडलेली गिटार म्हणूनच डब्यात कोंडलेल्या गांधीलमाशीसारखी वाजते. तेव्हा छोट्या ॲम्प्लिफायरला लाइन आउट हवा, आणि तोही स्पीकरचं हे गाळणं करून देणारा. तो नसेल तर पेटीसमोर माइक धरावा लागतो, आणि साउंडवाल्याकडे त्या दिवशी जादा माइक नसतो.

ही गोष्ट पटली की मोठी पेटी कशाला, हा प्रश्नच उरत नाही. गावाला ऐकवायचं काम साउंडवाल्याच्या टॉपचं. माझी पेटी मला आणि ढोलकीवाल्याला ऐकू आली की झालं. ती जमिनीवर ठेवून गुडघ्यांना ऐकवू नका. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ठेवा, मागे तिरकी करा. स्पीकरचे वरचे सूर सरळ रेषेत जातात. ते कानाकडे वळवले की व्हॉल्यूम आपोआप खाली येतो. रात्री 10 वाजता पोलिसांची गाडी आली तर आपल्यामुळे तरी नको.

आता विजेचं. मंडपात जनरेटर, तो नसला तर कुणाच्या तरी घरातून ओढलेली वायर, ज्यावर कूलर, हॅलोजन आणि आइस्क्रीमवाल्याचा फ्रीजही असतो. व्होल्टेज पडलं की आवाज बसतो. स्वस्त इन्व्हर्टरवर तर गुणगुण थांबत नाही, कारण त्याची लहर नीट साइन नसते. म्हणून सेलवर चालणाऱ्या पेट्यांना मी खेळणं म्हणत नाही. रोलँडचा मायक्रो क्यूब 3 वॉटचा, सहा पेन्सिल सेलवर चालतो. घरी रियाजाला आणि शाळेच्या वर्गाला पुष्कळ झाला, ढोलकीपुढे मात्र नाही. त्याच घराण्यातला क्यूब स्ट्रीट ईएक्स 50 वॉटचा, साडेसात किलोच्या आत, आठ पेन्सिल सेलवर चालतो आणि त्यात माइकही लागतो. बीड जिल्ह्यात बसून कुणी ॲम्प्लिफायर आखला असता तर तो असाच झाला असता. बॉसचा कटाना 50 साडेअकरा किलोच्या आसपास, 12 इंची स्पीकरचा, आवाजाला जास्त भरीव, पण वीज लागतेच. पैसे कमी असतील तर भारतातच बनणारे स्ट्रेंजर आहेत.

हलक्या पेट्यांचं एक दुखणं लपवण्यात अर्थ नाही. अहुजाचा जुना ॲम्प्लिफायर बिघडला तर तालुक्याच्या गावी कुणीही उघडतो. 2एन3055 ट्रान्झिस्टर कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, झाळला की संध्याकाळच्या हळदीला पेटी हजर. क्लास डीच्या बोर्डावर मोहरीएवढे पार्ट असतात. आमचा मेकॅनिक भिंगातून एकदा बघतो आणि म्हणतो, "दादा, हे पुण्याला न्या." भर हंगामात पुणे म्हणजे पेटी पंधरवडाभर गेली. तरीही मी हलकीच घ्यायला सांगतो, फक्त सोबत एक छोटा पेडल ठेवायचा, स्पीकरचा आवाज आतच घडवून सरळ मिक्सरला देणारा. पेटी मेली तरी सुपारी बुडत नाही. जड पेटी घेऊन वर्षभर कंबर धरत बसण्यापेक्षा हा जोड स्वस्त पडतो.

आणि कुठलीही पेटी घ्या, तिची तिसरी पिन तोडू नका. मंडपातल्या बोर्डाला दोनच भोकं असली की वायरमन पक्कडने ती उडवतो, हे मी डोळ्यांनी पाहतो. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. हात तारांवर, ओठ माइकवर आणि दोन्हींमध्ये व्होल्टेजचा फरक असला तर वीज छातीतून जाते. मे 1972 मध्ये स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वे वेल्समधल्या स्वानसी इथे स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून शॉकने गेला. तिथं पक्कं सभागृह होतं. इथं ओल्या मातीवर ताडपत्री असते. 50 रुपयांचा टेस्टर खिशात ठेवा, वाजवण्याआधी माइकच्या जाळीला लावा. आणि सुपारीचे पैसे ठरवताना मंडपवाल्याकडून अर्थिंगचा एक पॉइंट मागून घ्या. जेवणाची ताटं किती, हे तर आपण मागतोच.