रायफल भट्टीत जाण्यापूर्वी

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला येथे मेजर शैतानसिंह यांची १३ कुमाऊँची तुकडी .३०३ रायफलींनिशी अखेरपर्यंत झुंजली. २६ जानेवारी २०२० रोजी उत्तर प्रदेश पोलिसांनी त्याच रायफलीला समारंभपूर्वक निरोप दिला. पुढे काय? ईशापूरच्या कारखान्यात घडलेल्या, मोडीत निघालेल्या रायफली अमेरिकेतील संग्राहक मोल देऊन जपतात; ब्रिटिश मुकुटाच्या जागी आलेली अशोकमुद्रा, कोरलेले वर्ष व क्रमांक यांवरून त्यांची ओळख पटवितात. आपल्याकडे हे प्रतिबंधित बोअरचे शस्त्र सामान्य नागरिकास बाळगता येत नाही. म्हणूनच जतनाचे दायित्व शासनाचे ठरते. प्रत्येक पोलीस मुख्यालयाने काही रायफली निकामी करून, खुणा न घासता, नोंदींसह राखाव्यात. भट्टीत वितळलेला पराक्रमाचा पुरावा कोणत्याही अनुदानाने परत मिळत नाही.