उमेदवाराच्या हातातले बायबल

१८ जानेवारी २०१६ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील लिबर्टी या ख्रिस्ती विद्यापीठात डोनाल्ड ट्रम्प भाषणाला उभे राहिले. बायबलमधील करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा उल्लेख करताना ते 'दोन करिंथकर' असे बोलून गेले. नित्य बायबल वाचणारा माणूस असे बोलत नाही. समोर बसलेले विद्यार्थी हसले. तीन लग्ने केलेला, जुगारघरे चालवलेला हा माणूस धर्मनिष्ठ मतदारांपुढे उघडा पडला, असे अनेक राजकीय पंडितांना वाटले. पण आठच दिवसांनी त्या विद्यापीठाच्या अध्यक्षांनी ट्रम्प यांना जाहीर पाठिंबा दिला. १ फेब्रुवारीला आयोवात धर्मोपदेशकाचे पुत्र टेड क्रूझ पहिले आले खरे. परंतु २० फेब्रुवारीला चर्चचे माहेरघर समजल्या जाणाऱ्या साऊथ कॅरोलायनात ट्रम्प जिंकले. तेथील इव्हँजेलिकल, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंट मतदारांतही तेच आघाडीवर होते.

हे कसे घडले? धर्मनिष्ठ मतदाराला उमेदवारात नेमके काय हवे असते? हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

आधी तेथील पद्धत समजून घेऊ. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कोण, हे तेथे पक्षश्रेष्ठी बंद खोलीत ठरवत नाहीत. राज्याराज्यांत पक्षांतर्गत मतदान होते. त्याला प्रायमरी म्हणतात. आयोवासारख्या राज्यात मतदारांच्या सभा भरतात, त्यांना कॉकस म्हणतात. या मतदानाला लोक कमी येतात आणि म्हणून संघटित गटाचे वजन वाढते. २००८ साली आयोवाच्या रिपब्लिकन कॉकसला साधारण १ लाख २० हजार लोक आले. दारावर घेतलेल्या पाहणीत त्यांतील सुमारे ६० टक्के लोकांनी आपण इव्हँजेलिकल असल्याचे सांगितले. चर्चला नव्याने संघटना बांधावी लागत नाही. दर रविवारी सभा भरलेलीच असते. म्हणूनच प्रत्येक उमेदवार बायबल हाती घेऊन उभा राहतो.

त्याच २००८ च्या लढतीत माइक हकबी हे एकेकाळचे बाप्टिस्ट पाद्री होते. त्यांच्या दूरदर्शन जाहिरातीत 'ख्रिस्ती नेता' अशी अक्षरे झळकली. नाताळच्या जाहिरातीत त्यांच्या मागचे पुस्तकांचे कपाट पांढऱ्या क्रुसासारखे दिसत होते. त्यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी मॉर्मन पंथाचे. अनेक इव्हँजेलिकल लोक मॉर्मनांना ख्रिस्ती मानतच नाहीत. म्हणून ६ डिसेंबर २००७ रोजी टेक्सासमध्ये खास भाषण करून रॉम्नी यांना येशूवरील आपल्या श्रद्धेची ग्वाही द्यावी लागली. महिनाभराने आयोवात हकबींना ३४ टक्के, रॉम्नींना २५ टक्के मते पडली.

येथे १९६० ची आठवण होते. कॅथलिक असलेल्या जॉन केनेडींनी प्रोटेस्टंटबहुल वेस्ट व्हर्जिनियाची प्रायमरी जिंकली आणि पुढे सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनला पाद्रींच्याच सभेत जाऊन सांगितले की, चर्च आणि राज्य यांची फारकत पूर्ण असली पाहिजे. रॉम्नींनीही आपल्या चर्चचा हुकूम आपण मानणार नाही असे सांगितले. पण स्वातंत्र्याला धर्माची गरज आहे, हेही सांगितले. ४७ वर्षांत परीक्षाच बदलली होती. केनेडींना धर्म कारभारापासून दूर ठेवण्याची हमी द्यायची होती. रॉम्नींना आपल्याजवळ पुरेसा धर्म असल्याची द्यावी लागली. २०२३ च्या डिसेंबरात हिंदू उमेदवार विवेक रामस्वामी यांनाही आयोवात एका मतदाराने धर्माविषयी विचारले. उत्तर देताना त्यांनी आपला धर्म आणि बायबलमधील दहा आज्ञा कशा जुळतात ते समजावले. पुढच्या महिन्यात सुमारे ८ टक्के मते घेऊन ते स्पर्धेतून बाहेर पडले.

आम्ही वकिली करणारे लोक. अमेरिकेच्या राज्यघटनेचे सहावे कलम आम्हाला ठाऊक आहे. कोणत्याही सार्वजनिक पदासाठी धर्माची कसोटी लावता येणार नाही, असे ते स्पष्ट सांगते. पण घटना शासनाला बांधते. मतदाराच्या मनाला बांधू शकत नाही. जी परीक्षा घ्यायला सरकारला बंदी आहे, ती मतदार चौकात उभा राहून घेतो.

ही परीक्षा तरी खरोखर धर्माची असते काय? इतिहास तसे सांगत नाही. १९८० साली जिमी कार्टर यांच्यासारखा रविवारच्या शाळेत बायबल शिकवणारा बाप्टिस्ट अध्यक्ष समोर असताना संघटित धर्मनेत्यांनी घटस्फोटित चित्रपट अभिनेते रोनाल्ड रेगन यांना जवळ केले. याचे मूळ शोधताना रँडल बामर या इतिहासकाराने जे मांडले आहे ते आमच्या वाचकांनी लक्षात ठेवावे. काळ्या मुलांना दूर ठेवणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळांची करसवलत सरकारने काढायला घेतली, तेव्हा हे धर्मनेते राजकारणात उतरले, असे ते म्हणतात. बॉब जोन्स विद्यापीठ हे त्यातले ठळक उदाहरण. १९७१ पर्यंत तेथे काळ्यांना प्रवेशच नव्हता आणि नंतरही काळ्या-गोऱ्या तरुण-तरुणींच्या प्रेमसंबंधांना बंदी होती. हा आमचा धर्म आहे, असा त्यांचा युक्तिवाद. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने तो फेटाळला आणि करसवलत गेली. बेटीबंदीला शास्त्राचा आधार शोधणारे लोक केवळ एकाच देशात जन्मत नाहीत!

त्याच विद्यापीठात २ फेब्रुवारी २००० रोजी जॉर्ज बुश प्रचाराला गेले. तेव्हाही ती बंदी चालू होती. साऊथ कॅरोलायनात त्यांच्याविरुद्ध जॉन मॅकेन उभे होते. मॅकेन दांपत्याने बांगलादेशातून दत्तक घेतलेल्या मुलीविषयी, ती मॅकेन यांना काळ्या स्त्रीपासून झालेली असल्याची कुजबुज राज्यभर पसरवण्यात आली. १९ तारखेला बुश जिंकले. गदारोळ झाल्यावर त्यांनी त्या भेटीबद्दल खेद व्यक्त केला आणि मार्चमध्ये विद्यापीठाने बंदी उठवली. पण तोवर मते पडून गेली होती.

आता दुसरी बाजू पाहा. काळ्यांचे चर्चही तेच बायबल वाचते. पण गुलामीतून सुटकेची कथा त्यांनी त्यात वाचली. नागरी हक्कांची चळवळ त्याच चर्चमध्ये वाढली. गोरे इव्हँजेलिकल बहुसंख्येने एका पक्षाला मत देतात, काळे प्रोटेस्टंट प्रचंड बहुसंख्येने दुसऱ्या. ग्रंथ एक, देव एक, मग मत वेगळे का? कारण मत ठरते ते समाजरचनेत तुम्ही कुठे उभे आहात यावर. २००८ मध्ये बराक ओबामा यांना याची किंमत मोजावी लागली. ते छुपे मुसलमान आहेत अशी अफवा एकीकडे उठवली गेली आणि दुसरीकडे त्यांचे पाद्री जेरेमाया राइट यांच्या अमेरिकेला कठोर शब्द सुनावणाऱ्या प्रवचनांच्या फिती दाखवल्या गेल्या. म्हणजे हा माणूस ख्रिस्ती नाही असाही आरोप आणि तो चुकीच्या चर्चमध्ये जातो असाही! १८ मार्चला वंशभेदावर भाषण करूनही प्रकरण मिटले नाही. मे अखेरीस त्यांनी ते चर्च सोडले.

गोऱ्या धर्मनिष्ठांची श्रद्धा खोटी आहे, असे आम्ही म्हणत नाही. गर्भपाताचा प्रश्न त्यांतील अनेकांना मनापासून महत्त्वाचा वाटतो. पण त्यांनी हिशेब कसा केला ते बघा. २०११ साली एका पाहणीत फक्त ३० टक्के गोऱ्या इव्हँजेलिकलांना असे वाटत होते की, खासगी जीवनात अनैतिक वागलेला नेता सार्वजनिक जबाबदारी नीतीने पार पाडू शकतो. २०१६ च्या ऑक्टोबरात हेच प्रमाण ७२ टक्के झाले. बायबल बदलले नव्हते. उमेदवार बदलला होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ट्रम्प यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी ११ जणांची यादी नावानिशी जाहीर केली होती. सत्तेवर आल्यावर त्यांनी तीन न्यायमूर्ती नेमले आणि २४ जून २०२२ रोजी गर्भपाताचा १९७३ पासूनचा घटनात्मक हक्क न्यायालयाने रद्द केला. २०२४ साली आयोवातील बड्या धर्मनेत्यांनी दुसऱ्या उमेदवाराला पाठिंबा दिला, तरी तेथील इव्हँजेलिकल मतदार ट्रम्प यांच्याच मागे गेले. ज्याने सौदा पुरा केला, त्याला मत. प्रतिमा ही दुकानाची पाटी. माल आत वेगळाच असतो.

आमच्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(३) आहे. मुंबईतील सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यात २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी सांगितले की, मतदाराच्या धर्माच्या नावाने मत मागणे हाही भ्रष्टाचारच. कायदा चांगला आहे. पण कायदा शब्द पकडतो, प्रतिमा पकडत नाही. कपाटाच्या आडून दिसणारा क्रूस कोणत्या कलमाखाली आणणार?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत बजावले होते की, धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्ती देत असेल, पण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. अमेरिकेच्या अनुभवावरून आम्ही एवढेच जोडतो की, भक्त दिसणारे मतदारही आपला व्यवहार चोख करतात. त्यांनी न्यायाधीशांची यादी मागून घेतली. आमच्या दारी हार घेऊन, निळा फेटा बांधून येणाऱ्याकडून आम्ही कोणती यादी मागून घेतली?