बैलाचे मुसके आणि धर्माची कसोटी

असिसीच्या संत फ्रान्सिसने आपले सृष्टिस्तोत्र रचले, त्याला २०२५ साली आठशे वर्षे झाली. दृष्टी जवळजवळ गेलेली, शरीर व्याधींनी जर्जर झालेले, अशा अवस्थेत त्याने सूर्याला बंधू, चंद्राला व जलाला भगिनी आणि धरित्रीला भगिनी व माता म्हणून संबोधिले. आज ४ ऑक्टोबरला, त्याच्या सणाच्या सुमारास, अनेक देशांतील चर्चमध्ये पाळीव प्राण्यांना आशीर्वाद दिला जातो. हा सोहळा लोभस खराच. परंतु सृष्टीशी असलेले माणसाचे नाते त्या तीर्थाच्या शिंतोड्यांपाशीच संपते काय, हा प्रश्न ख्रिस्ती समाजाला टाळता येण्याजोगा नाही.

अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याच समाजावर गंभीर आरोप ठेवला. मानव हा सृष्टीचा स्वामी आहे, या पाश्चात्त्य ख्रिस्ती समजुतीतच पर्यावरणाच्या अरिष्टाची मुळे आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र त्याच लेखात त्यांनी फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता संत मानावे, असेही सुचविले. आणि १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तशी घोषणा केली.

आरोप निराधार नव्हता. बायबलच्या पहिल्याच अध्यायात मानवाला मासे, पक्षी व पशू यांवर सत्ता दिली आहे. तथापि तो अध्याय पुढे वाचला, तर माणसाला आणि पशूंना मिळून वनस्पतींचाच आहार नेमून दिलेला दिसतो; मांसाहाराची मुभा येते ती जलप्रलयानंतर. भूचर पशू आणि मानव यांची निर्मितीही एकाच, सहाव्या, दिवशीची आहे. दुसऱ्या अध्यायात मानवाला मातीपासून घडविले आहे आणि बागेची मशागत व राखण हे त्याचे काम ठरविले आहे. हिब्रू भाषेत माणसाला ‘आदाम’ व भूमीला ‘अदामा’ म्हणतात, यातच सारे आले. नोहाशी झालेला करारही एकट्या माणसाशी नसून सर्व सजीवांशी आहे.

याहून महत्त्वाचे हे की, हे नाते केवळ भावनेवर सोडलेले नाही. त्याचे नियम केलेले आहेत. शब्बाथाचा विसावा बैलाला व गाढवालाही आहे. वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडले तरी त्याला हात द्यावयाचा आहे. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधण्यास मनाई आहे. जो राबतो त्याचा धान्यावर हक्क आहे, हे तत्त्व कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही.

पुढील इतिहास मात्र या नियमांना साजेसा नाही. देवाला बैलांची काळजी आहे काय, असा प्रश्न करून संत पौलाने मुसक्याचा नियम माणसांच्या हक्कासाठी वापरला. पशूंशी क्रौर्य टाळावे ते मुख्यतः माणूस माणसाशी क्रूर होऊ नये म्हणून, अशी थॉमस अक्वायनसची भूमिका होती. बैलाचा स्वतःचा कैवार कोणी घेतला नाही असे नव्हे. लंडनमध्ये १८२४ साली प्राण्यांवरील क्रौर्याच्या प्रतिबंधासाठी संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेणारे आर्थर ब्रूम हे अँग्लिकन धर्मोपदेशक होते. संस्थेच्या कर्जापायी त्यांना तुरुंगवास पत्करावा लागला. आपल्याकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या लढ्याचे नेतृत्व केले आणि भूमी व पाणी राखणे हेही धर्मगुरूचे कर्तव्य असल्याचे कृतीने दाखविले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सत्तेचा अर्थ शोषणाचा परवाना असा घेण्यास स्पष्ट नकार दिला. त्या परिपत्रकाचे नावही संत फ्रान्सिसच्या स्तोत्रातूनच आले आहे.

विचार आता पुरेसा स्पष्ट झाला आहे; उणीव आहे ती आचाराची. ज्या देशांत चर्चची परंपरा शतकानुशतकांची आहे, तेथेच पशुपालनाचे कारखाने भरभराटीस आले. पंखही पुरते पसरता येऊ नयेत अशा पिंजऱ्यांत कोंबड्या ठेवण्याची पद्धत तेथे रूढ झाली. युरोपीय संघाने तसल्या पिंजऱ्यांवर २०१२ पासून बंदी घातली, हे स्वागतार्ह. पण ती आधी कायद्याला सुचावी आणि रविवारच्या प्रवचनाला क्वचितच सुचावी, हे धर्माला भूषणावह नाही. पिंजऱ्यातल्या कोंबडीला शब्बाथ नाही, आणि स्वस्त अंडे विकत घेणाऱ्या भाविकाला त्याची जाणीव नाही.

सृष्टीला बंधू-भगिनी म्हणणे सोपे आहे. पण भावंडांच्या नात्यात वाटणी येते, आणि वाटणीत आपला हिस्सा थोडा कमी करावा लागतो. आशीर्वादासाठी चर्चच्या दारात आणलेल्या लाडक्या कुत्र्याच्या पलीकडे, ताटात येणाऱ्या अनाम जीवांपर्यंत हे नाते पोहोचेल, तेव्हाच आठशे वर्षांपूर्वीच्या त्या स्तोत्राचे खरे स्मरण झाले असे म्हणता येईल.