गर्दीचं दुकान आणि त्याचा शेअर

रविवारी संध्याकाळी डीमार्टच्या पार्किंगमध्ये गाडी लावायला जागा मिळत नाही, झुडिओत ट्रायल रूमबाहेर रांग असते. मग या कंपन्यांचे शेअर घ्यायला हरकत काय, असा प्रश्न हल्ली लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतो. हरकत काहीच नाही. पण दुकान जोरात चालणं वेगळं आणि त्याच्या शेअरमधून तुमच्या हाती चार पैसे पडणं वेगळं. त्यामुळे घेण्यापूर्वी थोडा हिशेब करा, एवढंच सांगायचं आहे.

डीमार्टच घ्या. राधाकिशन दमानी यांनी 2002 मध्ये पवईत पहिलं दुकान काढलं. मार्च 2017 मध्ये कंपनी बाजारात आली, शेअर 299 रुपयांना दिला आणि पहिल्याच दिवशी तो दुपटीच्या वर गेला. इथपर्यंतची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. पुढची फारसं कुणी सांगत नाही. ऑक्टोबर 2021 मध्ये हा शेअर 5,900 रुपयांच्या आसपास पोचला. तेव्हा आदल्या आर्थिक वर्षात कंपनीने एका शेअरमागे कमावले होते सुमारे 17 रुपये. म्हणजे लोक वर्षभराच्या नफ्याच्या जवळजवळ 350 पट मोजत होते! त्यानंतर कंपनीने काही वाईट केलं का? मुळीच नाही. 2020-21 मध्ये 234 दुकानं होती, मार्च 2025 अखेर 415 झाली. विक्री 24 हजार कोटींवरून 59 हजार कोटींवर आणि नफा सुमारे 1,100 कोटींवरून 2,700 कोटींवर गेला. आणि शेअर? मार्च 2025 अखेर 4,100 च्या आतबाहेर. लाभांशही नाही. ज्याने त्या उंचीवर घेतला, त्याच्यापेक्षा बँकेत मुदत ठेव ठेवणारा सुखात राहिला.

कंपनी चांगली असूनही पैसे बुडू शकतात, ते असे. नुसती शेअरची किंमत पाहू नका; एका शेअरमागे नफा किती आणि त्याच्या किती पट आपण देतोय, हे भागाकार करून पाहा. चौथीतल्या मुलालाही जमेल असा तो भागाकार आहे, आणि तरी आपण तोच टाळतो.

आता या धंद्यात सुटतं किती, तेही बघा. डीमार्टसारख्या चोख कंपनीलाही शंभर रुपयांच्या विक्रीत शेवटी साधारण पाच रुपयेच उरतात. डाळ, तांदूळ, कपडे धुण्याची पावडर यांत फार सुटत नाही. ती गिऱ्हाईक आत आणण्यासाठी. खरी कमाई वरच्या मजल्यावर, चादरी, स्टीलचे डबे आणि मुलांचे टी-शर्ट यांत. पुढच्या वेळी गेलात तर बिलाच्या रांगेत उभं राहून लोकांच्या ट्रॉल्यांत डोकावा. नुसतं तेल-साखर दिसतंय की वरच्या मजल्यावरचं काहीतरी आहे? ट्रॉल्या भरलेल्या असल्या तरी कंपनीचं गणित वेगळं असू शकतं, हे तिथंच कळतं.

खर्चाची बाजूही तितकीच महत्त्वाची. डीमार्टनं बरीचशी दुकानं स्वतःच्या मालकीची ठेवली, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते केले आणि त्या बदल्यात माल स्वस्तात घेतला. याच्या उलट उदाहरण बिग बझारचं. किशोर बियाणी यांनी 2001 मध्ये सुरू केलेलं हे दुकान पुण्या-मुंबईपासून छोट्या शहरांपर्यंत पोचलं. 26 जानेवारीच्या सेलला तिथं चेंगराचेंगरी व्हायची बाकी असे. गर्दीला कधीच तोटा नव्हता. पण दुकानं भाड्याची आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर. कोरोनात दुकानं बंद झाली आणि सगळं उघडं पडलं. रिलायन्सला धंदा विकण्याचा ठरलेला व्यवहार ॲमेझॉनशी झालेल्या वादात अडकला, भाडं थकलं, 2022 मध्ये अनेक दुकानं रिलायन्सच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी बिग बझार चालवणाऱ्या फ्यूचर रिटेलचं प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात दाखल झालं, 2024 मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा आदेश निघाला. शेअर कधी काळी शेकड्यांत होता, तो दोन-तीन रुपयांवर आला. कंपनी मोडीत निघते तेव्हा बँका, कर्मचारी, सरकार, पुरवठादार यांचं आधी आणि भागधारकाचं सर्वांत शेवटी, असा कायदाच आहे. त्याच्या वाट्याला बहुधा काही उरत नाही.

नवा इश्यू आला की अर्ज भरायची आपल्याकडे घाई असते. तिथं माहितीपत्रकातलं एकच पान आधी वाचा: हा पैसा कुणाकडे जाणार? डीमार्टच्या इश्यूतले 1,870 कोटी कंपनीकडे गेले, कर्ज फेडायला आणि नवी दुकानं काढायला. डिसेंबर 2024 मध्ये विशाल मेगा मार्टचा 8,000 कोटींचा इश्यू आला. त्यातला एकही रुपया कंपनीला मिळाला नाही, सगळा जुन्या मालकाने आपला हिस्सा विकल्याचा. त्यात गैर काही नाही, पण तो विकतोय आणि आपण घेतोय, एवढं भान हवं. याच विशालची आधीची कंपनी 2007 मध्ये 270 रुपयांना शेअर देऊन बाजारात आली होती आणि चार वर्षांत कर्जापायी धंदा विकून बसली. पाटी तीच, शेअर वेगळा.

शिवाय दहा मिनिटांत कोथिंबीर घरी आणून देणारे आलेच आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये मोठ्या शहरांतल्या आपल्या दुकानांना ऑनलाइन किराण्याची झळ लागतेय, हे खुद्द डीमार्टनं मान्य केलं आणि पुढच्याच सत्रात शेअर आठ टक्क्यांहून जास्त घसरला. तुमच्या सोसायटीच्या गेटवर दिवसाला किती पिशव्या येतात, हे वॉचमनला विचारा. काही अहवालांपेक्षा तो बरा सांगेल.

दर तिमाहीला कंपन्या निकाल जाहीर करतात, ते शेअर बाजारांच्या संकेतस्थळावर फुकट असतात. नव्या दुकानांच्या आकड्यांनी हुरळून जाऊ नका, दुकानं काय, कर्ज काढूनही उघडता येतात. किमान दोन वर्षं जुन्या दुकानांची विक्री किती वाढली, ते शोधा. ती महागाईपेक्षाही कमी वाढत असेल, तर थांबा. मग कर्ज आणि भाडं बघा. मग तो भागाकार.

मुलीच्या शिक्षणाचे, आईच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले किंवा कर्ज काढून आणलेले पैसे यात घालू नका. किमान पाच वर्षं लागणार नाहीत, तेवढेच घाला. व्हॉट्सॲपवर टिप देणाऱ्याला त्याचा सेबी नोंदणी क्रमांक विचारा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. क्रमांक द्यायला तो टाळाटाळ करू लागला, तर त्या ग्रुपमधून त्याच दिवशी बाहेर पडा.