पहिला पगार नऊ हजारच का असेना



मागच्या रविवारी मंदिरातून निघताना एका काकूंनी थांबवलं. "घरचं दुकान असताना पोरीला लातूरला कशाला धाडलं? तेवढा पगार तर तिचे पप्पाच देतील की." मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. उत्तर आज इथं लिहिते, कारण हा प्रश्न एकट्या काकूंचा नाही.

माझी मुलगी नांदेडला बी.कॉम. झाली. दोन महिने इथंच नोकरी शोधली. एका ठिकाणी नाव नोंदवायचे म्हणून दीड हजार घेतले, नंतर फोन उचलला नाही. (मुलींना सांगून ठेवा: नोकरी देणारा आधी पैसे मागत नसतो.) बाकी सगळीकडे एकच वाक्य, अनुभव पाहिजे. शेवटी लातूरला एका सीएंच्या ऑफिसात जागा मिळाली. पगार नऊ हजार. राहणं, मेस आणि येणं-जाणं धरलं तर महिन्याला वरून थोडे आम्हीच घालतो. 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून लोहा-अहमदपूरमार्गे महिन्यातून दोन चकरा तरी परवडतात.

मग फायदा काय? घरच्या दुकानात ती मालकाची मुलगी असते. चूक झाली तर मुनीमजी गुपचूप दुरुस्त करतात, कंटाळा आला तर वर येऊन झोपते. तिथं एका आडत्याच्या बिलांत चूक राहिली, तर तिलाच पुन्हा सगळी बिलं लावून बघावी लागली. रात्री रडली फोनवर. मी समजूत घातली, पण मनात म्हटलं, हे आमच्या दुकानात कधीच शिकली नसती.

माझी स्वतःची 1992 ची डिग्री कपाटात आहे. तेव्हा नांदेडला विद्यापीठही नव्हतं, ते 1994 ला झालं. निकाल लागला आणि चार महिन्यांत माझं लग्न. तक्रार नाही, पण आजही बँकेत फॉर्म भरताना 'व्यवसाय' या रकान्यापाशी पेन थांबतं. आपल्या समाजात डिग्री बायोडाटात शोभते, नोकरी मात्र 'गरज होती का?' असं विचारायला लावते. आदिनाथ भगवंतांनी ब्राह्मीला लिपी शिकवली, सुंदरीला अंक शिकवले, ही कथा आपण पाठशाळेत मुलींना सांगतो. मग अंक शिकलेली मुलगी हिशोबाच्या टेबलावर बसली की आपल्याला का टोचतं?

खरी अडचण वेगळीच निघाली, आणि ती लपवणार नाही. जूनमध्ये लातूरला सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा काही वाटलं नाही. दिवाळीनंतर सहाच्या आत अंधार. जीएसटीमुळे महिन्याची 11 आणि 20 तारीख ऑफिसला जड, आठ-नऊ वाजतात. एका 20 तारखेला तिनं रात्री नऊला जेवण केलं आणि दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. लहानपणापासूनचा नियम मोडला. मी खूप बोलले, 'परत ये' सुद्धा म्हणाले. तिनं फोन ठेवून दिला.

दोन दिवसांनी तिनेच सरांना विचारलं, साडेपाचला वीस मिनिटं डबा खायला मिळतील का? ते म्हणाले, "मग आधी का नाही बोललीस?" एवढंच. सहा महिने तिला विचारायची हिंमत झाली नव्हती, आणि ती हिंमत मीही तिला शिकवली नव्हती. नियम पाळायचा तर तो चारचौघांत सांगता आला पाहिजे. आपण मुलींना गप्प बसून पाळायला शिकवतो, आणि मग बाहेर नोकरी म्हटलं की नियमाचंच कारण पुढं करतो.

सगळ्याच मुलींनी गाव सोडावं असं मी म्हणत नाही. ज्यांना नांदेडात मिळते त्यांनी इथंच करावी. पण 'अनुभव पाहिजे' म्हणणाऱ्यांत आपलीच दुकानं, दालमिल, एजन्सी किती आहेत ते जरा घरी बघा. सरकारने 2024 मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा पदवीधराला महिना दहा हजार विद्यावेतन ठेवलं होतं. आपल्या शेठजींना एखाद्या नवख्या मुलीला सहा महिने शिकवणं जड जाऊ नये. रात्री जेवणाचा प्रश्नही तिथं आपोआप सुटेल.

आणि लातूरच्या मैत्रिणींना एक विनंती. तिथं होस्टेल भरपूर आहेत, पण बहुतेक नीटची तयारी करणाऱ्या मुलींसाठी. नोकरीवाल्या मुलीला खोली देताना घरमालक दहा प्रश्न विचारतात. कोणाची वरची खोली रिकामी असेल, कांदा-लसूण नसलेला डबा देता येत असेल, तर मला कळवा. माझ्या मुलीची सोय झाली आहे. तिच्या मागे नांदेडहून आणखी दोघी यायच्या आहेत.